आधी शाखा, मग सबनेट: सीमाभागातल्या एका पतसंस्थेच्या क्लाऊड नेटवर्कची फेरमांडणी

हे प्रकरण बेळगावात मुख्य कार्यालय असलेल्या एका बहुराज्य सहकारी पतसंस्थेचं आहे. संस्था ओळखू येऊ नये म्हणून शाखांचे काही तपशील आणि नेटवर्कचे काही पत्ते बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. फेरमांडणी करणाऱ्या गटात मी होतो. व्हीपीसी म्हणजे क्लाऊडमधलं आपल्यापुरतं खाजगी नेटवर्क, आणि सबनेट म्हणजे त्यातल्या पत्त्यांचा एक तुकडा. व्हीपीसीतलं सबनेट हा विषय क्लाऊडच्या स्क्रीनवर पाच मिनिटांत उरकण्याचा समजला जातो, आणि नेमकी तिथंच पुढच्या दोन वर्षांची डोकेदुखी पेरली जाते. आपल्या भागातल्या संस्था आता एकामागून एक क्लाऊडवर चालल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

## पार्श्वभूमी

संस्थेच्या शाखा बेळगाव शहरात, खानापूर तालुक्यात आणि निपाणीकडे आहेत, शिवाय सीमेपलीकडे चंदगड-गडहिंग्लज भागातही. दोन राज्यांत सभासद असल्यानं नोंदणी २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली झालेली. व्यवसाय नेहमीचाच: ठेवी, सोनेतारण, गटकर्ज आणि पिग्मी. या पिग्मीवर लक्ष ठेवा, कारण पुढचं बरंचसं रामायण तिच्याभोवती घडलं. एजंट दिवसभर बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरतात, हातातल्या मशीनवर किंवा मोबाईलवर नोंद करतात आणि संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान सगळेच एकदम भरणा अपलोड करतात.

काही वर्षांपूर्वी संस्थेनं मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरून आपलं सॉफ्टवेअर अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये हलवलं. हा रीजन २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात तीन अव्हेलेबिलिटी झोन आहेत, म्हणजे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली डेटा सेंटरची तीन ठिकाणं. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीनंच नेटवर्कही उभं करून दिलं होतं. व्हीपीसीला १९२.१६८.१.०/२४ ही रेंज, तिचे /२८ चे तुकडे (तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा तितके पत्ते कमी), दोन तुकड्यांत अ‍ॅप्लिकेशन आणि लोड बॅलन्सर (येणारा भार वाटून देणारा), दोन तुकड्यांत डेटाबेस. राउट टेबल, म्हणजे कोणत्या पत्त्याची वाहतूक कुठं पाठवायची याची यादी, एकच, आणि ते थेट इंटरनेट गेटवेला (इंटरनेटच्या दाराला) जोडलेलं.

त्या वेळी हे चुकीचं वाटण्यासारखं काही नव्हतं. सर्व्हर मोजून पाच-सहा, शाखा ब्राउझरमधून इंटरनेटवरून काम करणार. शाखांचं नेटवर्क कधी क्लाऊडला जोडायचं आहे का, हे कंपनीनं विचारलं नाही आणि संस्थेनंही सांगितलं नाही.

## अडचण दोन बाजूंनी आली

पहिली आली संध्याकाळी. पिग्मीचा भरणा सुरू झाला की अ‍ॅप्लिकेशन मंदावायचं, कधी एजंटांच्या मशीनवर चक्र फिरत राहायचं. भार वाढला की आपोआप नवे कंटेनर, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरच्या जादा चालत्या प्रती, सुरू व्हावेत अशी सोय होती, पण ते सुरूच होत नव्हते. लॉगमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसायची: सबनेटमध्ये मोकळे पत्ते पुरेसे नाहीत. कंपनीनं आधी सर्व्हरची ताकद वाढवली, मग डेटाबेसची. बिल वाढलं, संध्याकाळ तशीच राहिली.

हिशेब साधा आहे. /२८ म्हणजे १६ पत्ते. त्यातले पाच अ‍ॅमेझॉन प्रत्येक सबनेटमध्ये स्वतःकडे ठेवतं: पहिला नेटवर्कचा, दुसरा व्हीपीसीच्या राउटरचा, तिसरा डीएनएससाठी (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा), चौथा पुढच्या वापरासाठी राखीव आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा. उरले ११. इथं प्रत्येक कंटेनरला सबनेटमधला स्वतंत्र पत्ता लागत होता. लोड बॅलन्सरही त्याच सबनेटमध्ये, आणि भार वाढला की तोही जास्त पत्ते मागतो. त्याला निदान /२७ चं सबनेट आणि त्यात किमान आठ पत्ते मोकळे असावेत, अशी अ‍ॅमेझॉनची शिफारसच आहे. त्यात नवी आवृत्ती चढवताना जुने आणि नवे कंटेनर काही काळ शेजारी शेजारी चालतात, म्हणजे गरज दुप्पट. संध्याकाळी एखादी दुरुस्ती चढवायला घेतली की ती अर्ध्यावर अडकायची, ती यामुळं.

दुसरी अडचण लेखापरीक्षणातून आली. सॉफ्टवेअरचं लॉगिन पान साऱ्या जगाला उघडं आहे आणि डेटाबेसची सबनेट इंटरनेटच्या राउटवर आहेत, असे दोन शेरे पडले. डेटाबेसला सार्वजनिक पत्ता नव्हता, त्यामुळं तो लगेच कोणाच्या हाती लागला असता असं नाही. पण शेरा बरोबरच होता. एका चुकीच्या टिकमार्कवर सभासदांच्या ठेवींच्या नोंदी अवलंबून ठेवायच्या नसतात. शाखांचं काम व्हीपीएनमधूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी, कुलूपबंद बोगद्यातूनच व्हावं, असं संचालक मंडळानं ठरवलं.

व्हीपीएनची चाचणी खानापूर तालुक्यातल्या एका शाखेत घेतली. नवा राउटर लावला, बोगदा उभा राहिला, हिरवा दिवा लागला. कॅशियरच्या संगणकावर ब्राउझरमध्ये अ‍ॅप्लिकेशनचा आतला पत्ता टाकला, १९२.१६८.१.१०. पान उघडलं, पण त्यावर यूजरनेम-पासवर्डच्या वर कॅमेऱ्याचं चित्र होतं. "सर, हे तर सीसीटीव्हीचं आलंय बघा की," कॅशियर म्हणाल्या. शाखेतल्या डीव्हीआरचा (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पत्ताही १९२.१६८.१.१० च होता.

संगणकाच्या दृष्टीनं त्यात काहीच वावगं नव्हतं. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१ नं सुरू होणारा. समोरचा पत्ताही त्याच रेंजमधला. म्हणजे तो याच खोलीत असणार, राउटरकडे पाठवायचं कारणच नाही. क्लाऊडच्या बाजूनंही तेच. व्हीपीसीच्या प्रत्येक राउट टेबलमध्ये स्वतःच्या रेंजची एक स्थानिक ओळ असते आणि ती काढता येत नाही. शाखेतल्या १९२.१६८.१.२५ या संगणकाला द्यायचं उत्तर ती ओळ व्हीपीसीतच फिरवत ठेवणार, व्हीपीएनकडे जाऊच देणार नाही.

मग सगळ्या शाखांचे राउटर तपासले. जवळपास सगळीकडे १९२.१६८.१.०/२४. बरेच राउटर डब्यातून निघतात तेच या रेंजवर, आणि लावणाऱ्यानं ती कधी बदललेली नसते. म्हणजे शाखांची व्हीपीसीशी टक्कर होतीच, शिवाय त्यांची आपापसातही होती. व्हीपीएनच्या टोकाला उभं राहिलं तर खानापूर कुठलं आणि निपाणी कुठली, हे ओळखायला काही खूणच नव्हती.

## कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय कंपनीनं सुचवला. व्हीपीसीला दुसरी रेंज जोडायची आणि मोठी सबनेट त्यात करायची. व्हीपीसीची मूळ रेंज नंतर बदलता येत नाही, पण जादा रेंज जोडता येते, ही सोय २०१७ पासून आहे. यानं संध्याकाळची अडचण सुटली असती, तीही लवकर. पण १९२.१६८.१ ची स्थानिक ओळ जागेवरच राहिली असती आणि शाखांचा प्रश्न जिथल्या तिथं.

दुसरा पर्याय: व्हीपीसीला हात न लावता शाखांचे पत्ते बदलायचे. कागदावर हा सगळ्यात स्वस्त. चर्चेत बराच वेळ याच्यावरच गेला आणि सचिवांचा कलही इकडंच होता. शाखा एकमेकींशी भांडतात म्हणून त्यांचे पत्ते कधी ना कधी बदलावे लागणारच होते, मग तेवढंच करावं, असा त्यांचा मुद्दा. तो वजनदार होता.

याला विरोध झाला तो एका स्थानिक अनुभवामुळं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळा कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. वीज पडते, व्होल्टेज वरखाली होतं आणि दरवर्षी एखाद-दुसरा राउटर जळतो. तातडीनं केबलवाला येतो, त्याच्याकडचा राउटर लावून जातो, आणि तो राउटर पुन्हा १९२.१६८.१.१ वरच उठतो. संस्थेचा सगळा व्यवहार ज्या रेंजवर आहे, तीच रेंज बाजारातले बरेच नवे राउटर घेऊन येत असतील, तर ही टक्कर कायमची मागं लागणार. आज मोडून काढली तरी पुढच्या आषाढात परत.

तिसरा पर्याय: रुंद रेंजची नवी व्हीपीसी, सगळं तिथं हलवायचं आणि शाखांचे पत्ते टप्प्याटप्प्यानं बदलायचे. यात खर्च होता, आणि जोखीमही होती, कारण डेटाबेस एका व्हीपीसीतून दुसरीत न्यायचा म्हणजे तेवढा वेळ व्यवहार बंद. तरी हाच निवडला. माझं मत तेव्हा ठाम होतं आणि आजही तेच आहे: चुकलेली रेंज जितकी उशिरा बदलावी तितकी महाग पडते, कारण दर महिन्याला तिच्यावर आणखी काहीतरी बांधलं जातं.

## पत्त्यांचा आराखडा

क्लाऊडचा स्क्रीन उघडण्याआधी आम्ही शाखांची यादी समोर घेतली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. सबनेटचा आकार ठरवताना माणूस सर्व्हर मोजतो. खरं तर कोणाचं कोणाशी बोलणं होणार आहे, आज आणि पाच वर्षांनी, ते आधी मोजायला हवं.

खाजगी वापरासाठी तीन रेंज १९९६ पासून ठरलेल्या आहेत. १९२.१६८ ची रेंज ६५,५३६ पत्त्यांची आणि घरोघरच्या राउटरांनी व्यापलेली, म्हणून बाद. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतची दहा लाखांहून मोठी, पण अ‍ॅमेझॉनची आयती मिळणारी व्हीपीसी १७२.३१ वर असते आणि कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचं स्वतःचं आतलं नेटवर्क १७२.१७ वर. तिथं जाऊन नवी टक्कर ओढवून घेण्यात अर्थ नव्हता. उरली १० नं सुरू होणारी, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर पत्त्यांची. तिच्यातही १०.०.०.०/१६ टाळली. शिकवणीच्या प्रत्येक उदाहरणात तीच असते, त्यामुळं उद्या ज्या कोणाशी जोडायचं त्याच्याकडंही तीच असण्याची शक्यता फार. संस्थेचे एनईएफटी ज्या बँकेमार्फत जातात त्या बँकेला पत्र लिहून त्यांच्याकडच्या वापरातल्या रेंज मागवल्या आणि त्याही वगळल्या.

शेवटी ठरलं ते असं. १०.८० पासून १०.८३ पर्यंत चार /१६ संस्थेचे. १०.८० मुंबईतली व्हीपीसी. १०.८१ सगळ्या शाखा. १०.८२ पुढं कधी हैदराबाद रीजनमध्ये पर्यायी यंत्रणा उभी केली तर तिच्यासाठी. हा रीजन २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाला आहे. १०.८३ चाचणीसाठी. चारही मिळून १०.८०.०.०/१४ असा एकच अखंड तुकडा होतो. त्यामुळं शाखेच्या राउटरवर "हे सगळं व्हीपीएनकडे" सांगायला एक ओळ पुरते.

शाखांना प्रत्येकी /२४ दिली आणि तिसरा आकडा शाखेच्या कोड नंबराचाच ठेवला. मुख्य कार्यालय १, म्हणून १०.८१.१.०/२४. सात नंबरची शाखा १०.८१.७.०/२४. लॉगमध्ये पत्ता दिसला की शाखा कळते, वेगळी यादी शोधावी लागत नाही. पंधरा उपकरणांच्या शाखेला २५४ पत्ते कशाला, असं एका संचालकांनी विचारलं. काटकसरीची सवय असलेल्या माणसाचा रास्त प्रश्न. पण खाजगी पत्त्याला भाडं नसतं. पैसे पडतात ते सार्वजनिक पत्त्याला: १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. जुन्या मांडणीत गरज नसताना जवळपास प्रत्येक सर्व्हरला असा पत्ता चिकटलेला होता. काटकसर करायचीच, तर ती तिथं.

व्हीपीसीच्या आत तीन थर केले. सार्वजनिक सबनेट १०.८०.०, १०.८०.१ आणि १०.८०.२, तिन्ही /२४. यांत फक्त बाहेरचा लोड बॅलन्सर, नॅट गेटवे (आतल्यांना बाहेर जाऊ देणारा, बाहेरच्यांना आत न घेणारा) आणि व्हीपीएनचे सर्व्हर. डेटाबेसची १०.८०.८ ते १०.८०.१०, तीही /२४. अ‍ॅप्लिकेशनची मात्र /२०: १०.८०.१६.०, १०.८०.३२.० आणि १०.८०.४८.०. एकेका सबनेटमध्ये ४,०९६ पत्ते, पाच वजा जाता ४,०९१. अकरावरून चार हजारांवर ही उडी कोणाला अतिरेकी वाटेल. पण सबनेटचा आकार मागाहून वाढवता येत नाही, ते मोडून नवंच करावं लागतं, आणि कंटेनरच पत्ते खातात हे आम्ही नुकतंच अनुभवलेलं होतं. १०.८०.६४ पासून पुढचा तीन चतुर्थांश भाग पूर्ण रिकामा ठेवला.

तीन झोनांची जागा कागदावर आखली, सबनेट मात्र दोनच झोनांत बांधली. एक सबनेट एकाच झोनमध्ये राहू शकतं. लोड बॅलन्सरला आणि डेटाबेसच्या सबनेट गटाला किमान दोन झोन लागतात, तेवढे झाले. तिसऱ्याचा खर्च आज नको, पण उद्या हवा झाला तर त्याचे पत्ते राखलेले आहेत.

राउट टेबलांकडं विशेष लक्ष दिलं. सबनेट सार्वजनिक की खाजगी हे तिच्या नावानं ठरत नाही, तिला जोडलेल्या टेबलात इंटरनेट गेटवेची ओळ आहे की नाही यावर ठरतं. ज्या सबनेटला कुठलंच टेबल मुद्दाम जोडलेलं नाही, तिला व्हीपीसीचं मुख्य टेबल लागू होतं. जुन्या मांडणीत या मुख्य टेबलातच इंटरनेटची ओळ होती, म्हणून डेटाबेसही उघड्या रस्त्यावर आला. नव्यात मुख्य टेबलात स्थानिक ओळीखेरीज काहीच ठेवलं नाही. उद्या कोणी नवं सबनेट करून टेबल जोडायला विसरलं, तर ते बंद राहील, उघडं पडणार नाही. डेटाबेसच्या टेबलातही फक्त स्थानिक ओळ.

नेटवर्क एसीएल, म्हणजे सबनेटच्या दारावरचे नियम, जसेच्या तसे सोडले. त्यांना परतीची वाहतूक वेगळी मोकळी करून द्यावी लागते, आणि इतक्या लहान संस्थेत त्याचा हिशेब ठेवणारा माणूस नसतो. जे अडवायचं ते सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे एकेका सर्व्हरच्या दारावरच्या नियमांत, अडवलं.

## नॅट गेटवे एक की दोन

खाजगी सबनेटमधल्या अ‍ॅप्लिकेशनला बाहेर जायला नॅट गेटवे लागतो. त्याला तासाचं भाडं, वर जितका डेटा जाईल त्याचे वेगळे पैसे. प्रत्येक झोनला एक घ्यायचा तर भाडं दुप्पट. खजिनदारांना एकच हवा होता. साध्या वेबसाईटसाठी मीही एकच सांगितला असता. पण इथं एनईएफटी होतं. ज्या झोनमध्ये एकुलता नॅट आहे तो झोन बंद पडला, तर दुसऱ्या झोनमधलं अ‍ॅप्लिकेशन चालू असूनही बँकेपर्यंत पोचणार नाही. दोन घेतले. खर्चाची थोडी भरपाई दुसरीकडून झाली. रात्रीचा बॅकअप एस३ या साठवण सेवेवर जातो, तो नॅटमधून न नेता गेटवे एंडपॉइंट या आतल्या वाटेनं नेला. त्याला पैसे पडत नाहीत.

यातूनच एक घोळ निघाला. बँक फक्त आधी कळवलेल्या सार्वजनिक पत्त्यांवरूनच आलेली विनंती स्वीकारते. दोन नॅट म्हणजे दोन पत्ते. दोन्ही कळवले होते, पण नोंद एकाचीच झाली. चाचणीत एक व्यवहार जायचा, पुढचा अडकायचा, मग पुन्हा एक जायचा. पहिल्यांदा वाटलं बँकेचा सर्व्हरच डळमळतोय. मग लक्षात आलं की पहिल्या झोनमधले कंटेनर पाठवतात ते जातं आणि दुसऱ्या झोनमधलं परत येतं. दुरुस्तीचा अर्ज, त्यावर सह्या, बँकेची अंतर्गत मंजुरी यांत काम लांबलं आणि बदलासाठी ठरलेला रविवार पुढं ढकलावा लागला.

## शाखा जोडताना

मुख्य कार्यालय अ‍ॅमेझॉनच्या तयार व्हीपीएन सेवेनं जोडलं, तिच्यात दोन बोगदे मिळतात. हीच सेवा प्रत्येक शाखेला घ्यायची तर प्रत्येक जोडणीचं वेगळं भाडं, ते परवडणारं नव्हतं. शाखांसाठी सार्वजनिक सबनेटमध्ये दोन छोटे व्हीपीएन सर्व्हर ठेवले, एक चालू आणि एक राखीव. राउट टेबलात १०.८१.०.०/१६ ची ओळ चालू सर्व्हरकडं, आणि १०.८१.१.०/२४ ची ओळ मुख्य कार्यालयाच्या व्हीपीएनकडं. दोन्हींत बसणारा पत्ता जास्त नेमक्या ओळीनं जातो, त्यामुळं गोंधळ होत नाही. चालू सर्व्हर पडला की एक स्क्रिप्ट पहिली ओळ राखीवकडं वळवते. असा सर्व्हर दुसऱ्यांची वाहतूक पुढं नेत असल्यानं त्याच्यावरची स्रोत-गंतव्य तपासणी (वाहतूक त्याच्याच पत्त्याची आहे का, ही) बंद करावी लागते. ती चालू राहिली तर डेटाची पाकिटं मुकाट गिळली जातात आणि लॉगमध्ये काहीच दिसत नाही. हे करणाऱ्यांनी आधी तिथं बघावं.

सगळ्या शाखांचे पत्ते एकदम बदलणं शक्य नव्हतं. पासबुक प्रिंटर, डीव्हीआर, हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, प्रत्येकात पत्ता हातानं भरलेला, आणि निम्म्या यंत्रांचे पासवर्ड कोणालाच आठवत नव्हते. म्हणून मधला मार्ग काढला. शाखेच्या आत १९२.१६८.१ तसंच ठेवायचं आणि राउटरवर एकास एक पत्ता बदलायचा: सात नंबर शाखेतला १९२.१६८.१.२५ बाहेर पडताना १०.८१.७.२५ होतो. क्लाऊडला शाखा वेगळी ओळखू येते आणि शाखेत कशालाच हात लागत नाही. व्हीपीसी १९२.१६८ मधून बाहेर पडल्यामुळंच हे जमलं, जुन्या रेंजवर हा उपाय चालला नसता. पुढं सवडीनं एकेक शाखा खऱ्या पत्त्यांवर आणायची.

## बदलाचा दिवस

दिवस निवडणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. मार्चअखेर आणि दिवाळी सोडायची हे उघडच. पण कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या शाखांच्या सुट्ट्याही जुळत नाहीत. १ नोव्हेंबरला इकडच्या शाखा बंद, तर चंदगडकडच्या चालू. दोन्हीकडं खात्रीनं बंद म्हणजे रविवारच, आणि पिग्मी एजंट रविवारीही फिरतात. त्यांना त्या दिवशीची नोंद मशीनमध्येच ठेवून सोमवारी अपलोड करायला आधीच सांगितलं.

डेटाबेस जुन्या व्हीपीसीत थांबवून त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घेतला आणि नव्या सबनेट गटात उभा केला. याची रंगीत तालीम आधी झाली होती, त्यामुळं किती वेळ लागेल याचा अंदाज होता. नवा पत्ता सगळीकडं लवकर पोचावा म्हणून डीएनएसच्या नोंदींची मुदत आठवडाभर आधीच कमी करून ठेवली होती.

अनपेक्षित गोष्ट पिग्मीच्या जुन्या मशीनमध्ये निघाली. नव्या मोबाईल अ‍ॅपमध्ये सर्व्हरचं नाव होतं, पण काही जुन्या मशीनमध्ये थेट सार्वजनिक पत्ताच भरलेला. तो बदलायचा तर मशीन कार्यालयात आणावं लागणार. सुदैवानं तो इलॅस्टिक आयपी, म्हणजे सर्व्हर बदलला तरी खात्याकडंच राहणारा सार्वजनिक पत्ता होता. एकाच खात्यात, एकाच रीजनमध्ये असा पत्ता एका व्हीपीसीतून काढून दुसरीत लावता येतो. सार्वजनिक सबनेटमध्ये आलेली विनंती पुढं पोचवणारा एक छोटा प्रॉक्सी सर्व्हर ठेवून त्याला तो पत्ता दिला आणि जुनी मशीन पूर्वीसारखी चालत राहिली. नव्या खात्याला एका रीजनमध्ये सुरुवातीला पाचच इलॅस्टिक आयपी मिळतात. दोन नॅट, दोन व्हीपीएन आणि हा एक, असे पाचही संपले, म्हणून चाचणीसाठी मर्यादा वाढवून मागावी लागली.

## परिणाम

सोमवारी संध्याकाळी दोन दिवसांचा पिग्मी भरणा एकदम आला आणि कंटेनर हवे तसे वाढले. पत्ते कमी पडल्याची नोंद त्यानंतर आलेली नाही. कर्मचाऱ्यांसाठीचं लॉगिन पान आता बाहेरून उघडत नाही, बाहेरच्या लोड बॅलन्सरवर फक्त पिग्मीची सेवा आहे. लेखापरीक्षणातले दोन्ही शेरे निघाले. आधी वाढवलेली सर्व्हरची आणि डेटाबेसची ताकद परत कमी केली, कारण दुखणं तिथं कधी नव्हतंच.

पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या एका शाखेचा राउटर जळलाच. केबलवाल्यानं आपला लावला, शाखा व्हीपीएनमधून बाहेर पडली, बाकी कुठंही काही जाणवलं नाही. शाखेच्या नंबराप्रमाणं तयार करून ठेवलेले दोन-तीन राउटर आता मुख्य कार्यालयात असतात. त्यातला एक बसनं पाठवला, शिपायानं स्टँडवर उतरवून घेतला आणि लावला. राउटरच्या डब्यावर कोणती वायर कुठं लावायची याचा कागद चिकटवलेला आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये, कारण मदतीला येणारा माणूस कुठलाही असू शकतो.

सगळं पूर्ण झालं असं नाही. काही शाखा अजून राउटरवरच्या पत्ताबदलावरच चालतात. तोवर डीव्हीआरमध्ये आत एक पत्ता आणि बाहेर दुसरा दिसतो आणि दुरुस्तीला आलेला माणूस गोंधळतो.

## पुन्हा करायचं झालं तर काय बदलता येईल

इलॅस्टिक आयपी पहिल्याच दिवशी घेऊन बँकेला कळवावेत. नॅट गेटवे नंतर केला तरी चालतो, पत्ता आधी राखून ठेवता येतो. वापरात नसतानाही त्याचं भाडं पडतं, पण पुढं ढकललेल्या रविवारापेक्षा ते कितीतरी स्वस्त. आणि दोन्ही पत्त्यांची नोंद झाल्याचं बँकेकडून लेखी घ्यावं.

पिग्मी मशीनची पाहणी सुरुवातीलाच व्हायला हवी होती. सर्व्हर, शाखा आणि बँक यांची यादी झाली, पण एजंटांच्या हातातलं यंत्रही नेटवर्कचाच भाग आहे हे शेवटच्या आठवड्यात समोर आलं. जुना पत्ता इलॅस्टिक नसता, तर तो सर्व्हर बंद करताच हातचा गेला असता आणि सगळ्या जुन्या मशीन गोळा कराव्या लागल्या असत्या.

व्हीपीएनच्या राखीव सर्व्हरकडं वळवणाऱ्या स्क्रिप्टबद्दल मी आजही पूर्ण समाधानी नाही. ती चालते, तपासलेली आहे, पण तिला सांभाळणारं माणूस एकच आहे. शाखा वाढल्या तर तयार व्हीपीएन सेवेचं भाडं आणि या एका माणसावरचं अवलंबून राहणं यांची तुलना नव्यानं करावी लागेल.

आणि पत्त्यांची वही. सध्या ती एका एक्सेल फाईलमध्ये आहे: कोणती रेंज कोणाला, कधी दिली, कोणी दिली. ती सॉफ्टवेअर कंपनीकडं न ठेवता संस्थेच्या सचिवांकडं ठेवायची, असा ठराव मंडळानं केला. नवी शाखा काढायचा प्रस्ताव आला की जागेचा भाडेकरार आणि विजेचं कनेक्शन यांच्यासोबत त्या वहीतली एक ओळही भरून जोडली जाते.